तात्या वारले तेव्हा चहा पीत होते

महिपतीतात्यांना मी मारलं ते उजव्या हाताच्या अंगठ्यानं, चांगल्या हेतूनं आणि त्यांच्याच बायकोच्या सांगण्यावरून. निमगाव केतकीतले लोक यातला फक्त अंगठा लक्षात ठेवतात, बाकीचं सोयीनं विसरतात. म्हणून सगळं नीट सांगतो.

आधी तात्या कोण ते सांगायला हवं. बागायतदार माणूस. थोडा पानमळा, थोडी पेरूची बाग, अंगात बंडी, डोक्याला टोपी, मिशी अशी की खालचं तोंड हसतंय का रागावलंय हे बाहेर कळू नये. पण गावाला तात्या लागतात ते एकाच कामासाठी. गावात कुणाचं काही बरंवाईट झालं की पहिला माणूस तात्यांकडे पळतो. पानांची गड्डी अर्धी बांधून झालेली असली तरी तात्या ती तिथंच ठेवून उठतात. बांबू किती हातांचे आणायचे, कडबा किती, गाठ कुठली मारायची, कुठल्या गावच्या पाहुण्यासाठी थांबायचं आणि कुठल्या गावच्या पाहुण्यासाठी थांबून उपयोग नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. त्या घरात शिरले की ते फार बोलत नाहीत. तू हितं बस, तू पाणी आण, तू सुतळी धर. बधिर होऊन उभ्या राहिलेल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून, "आता रडून घे, मग येळ मिळायचा न्हाय," असंही सांगतात आणि पोरगं खरंच रडायला लागतं. दुःखात माणसाला काही सुचत नाही. तात्या आले की सुचावं लागत नाही. या कामावर त्यांना कुणी नेमलं नाही आणि त्यांनी कुणाचा कपभर चहाही कधी घेतला नाही.

याउलट तात्यांना बारशाला न्या. पार गळाठतात. बारामतीला जाणाऱ्या माणसानं चुकून भिगवणला उतरावं तसे मांडवाच्या कोपऱ्यात उभे राहतात. आहेर कुणाच्या हातात द्यायचा, हे त्यांना जयवंताकाकूंना, म्हणजे बायकोला, विचारावं लागतं.

तर त्या दिवशी दगडाबाई नावाच्या म्हातारीचा दहावा होता. ओढ्याकाठी पिंड मांडलेला, आणि कावळा काही शिवेना. मुलगे, सुना, भाऊबंद उन्हात ताटकळलेले. तात्या पुढं झाले आणि नेहमीप्रमाणे म्हातारीच्या वतीनं एकेक इच्छा चाचपायला लागले. नातीचं लग्न थाटात करू. म्हस विकणार न्हाय. धाकट्याला सांभाळून घेऊ. म्हशीचं नाव निघाल्यावर बाभळीवरचा कावळा हलला. खाली आला. पण पिंडाकडे न जाता तो थेट तात्यांच्या डोक्यावर उतरला, पंख फडफडवून त्यांची टोपी पाडली आणि मग निवांत जाऊन भात खाऊ लागला.

कावळा अंगाला शिवला म्हणजे मरणाचा सांगावा, असं आमच्याकडं मानतात. इतकी वर्षं कावळ्यांशी बोलणाऱ्या माणसाला कावळा शिवला होता.

आता यावर उपाय काय, हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. कावळा ज्याला शिवला, तो गेल्याची खोटी बातमी त्याच्या एखाद्या जवळच्या माणसाला धाडायची. त्या माणसानं खरंखुरं रडायचं. रडणं झालं की मरण फिटलं. मग संध्याकाळी खरं सांगायचं, शिव्या खायच्या आणि चहा प्यायचा. तात्यांनी स्वतः हा उपाय गावात कितीतरी जणांना सांगितला होता. त्यामुळं "राहू दे गं, काय होतंय," असं ते काकूंना म्हणाले खरे, पण त्यांचाच नियम त्यांना मोडता येईना.

बातमी कुणाला धाडायची, ते काकूंनी ठरवलं. सणसरचा सर्जेराव, काकूंचा सख्खा भाऊ. मन लोण्यासारखं. टीव्हीवरच्या मालिकेतल्या सुनेला सासू बोलली तरी याचे डोळे भरून येतात. पूर्वी अशा कामाला माणूस चालत जायचा. आता शेजारी मी होतो, माझ्याकडे मोबाइल होता आणि मला बरं मराठी लिहिता येतं असा एक समज गावात आहे.

या समजाचं कारण म्हणजे 'सुखदुःख' हा आमच्या गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. नावात सुख असलं तरी त्यावर आजवर सुखाची एकही बातमी आलेली नाही. तो तात्यांनीच काढायला लावला, म्हणजे कोण गेलं आणि किती वाजता न्यायचं हे सगळ्यांना एका दमात कळावं. तात्या सांगतात, मी लिहितो. दुसऱ्या कुणाला त्यावर लिहिता येत नाही. त्यामुळं सुखदुःखवर आलं म्हणजे ते झालंच, यात कुणाला शंका नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तात्यांच्या ओट्यावर बसून मन लावून लिहिलं. खोटं असलं तरी खऱ्यासारखं वाटायला हवं ना. अल्पशा आजारानं दुःखद निधन, मनमिळाऊ स्वभाव, गावाची न भरून येणारी हानी. हाताला सवय होती म्हणून शेवटी 'अंत्यविधी सकाळी अकरा वाजता राहत्या घरापासून' हेही लिहून गेलो. मग अंगठा टेकवला. सर्जेरावाच्या नावावर टेकवला असं मला वाटलं. काकूंनी पोह्यांची बशी पुढं केली, मी मोबाइल चार्जिंगला लावला आणि पोह्यांत लिंबू पिळलं.

पहिले आले ते हिंदुराव. वरच्या आळीचे मोठे बागायतदार, तात्यांचे लहानपणचे सोबती. दोन मजूर, त्यांच्या खांद्यावर बांबू, हिंदुरावांच्या हातात हार, डोळे सुजलेले. फाटकातून आत आले तर समोर तात्या बशीत चहा ओतून फुंकर मारत बसलेले.

हिंदुराव तिथंच उभे राहिले. हार हातातून सुटला. तात्यांनी बांबूंकडं पाहिलं आणि सवयीनं म्हणाले, "लई आखूड आणलंस हिंद्या. कोण गेलं?"

 हिंदुरावांनी नुसतं बोट दाखवलं. तात्यांनी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

मी चार्जिंगवरचा मोबाइल उचलून पाहिला. सणसरच्या सर्जेरावाला काहीही गेलेलं नव्हतं. सुखदुःखवर मात्र हात जोडलेल्या खुणांची रांग लागली होती. मी घाईघाईनं ते पुसलं. पण ते तोवर कुठल्या कुठं गेलं होतं. इंदापूरच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर, बारामतीच्या भाचेकंपनीत, कुणाच्या तरी जुन्या वर्गमित्रांत. मी लिहिलं, 'महिपतीतात्या जिवंत आहेत.' लगेच माझ्या नंबरवर उत्तरं यायला लागली. 'अगदी खरं. आपल्या मनात ते कायम जिवंत राहतील.' 'अशी माणसं मरत नसतात.' मी आणखी एकदा लिहिलं, तर एकानं त्यावर चार ओळींची कविता केली.

अकरा वाजायच्या आत अंगण भरलं. बाया पदर तोंडाला लावून यायच्या, तात्यांना बघून किंचाळायच्या आणि मग काय करायचं ते न कळून बाकीच्या बायांजवळ जाऊन बसायच्या. ग्रामपंचायतीचा वैकुंठरथ गल्लीत मागं मागं घेत भजन वाजवत आला. तो गावाला मिळावा म्हणून तात्यांनीच तालुक्याला खेटे घातले होते. ड्रायव्हरनं तात्यांना बघितलं आणि गाडी बंद करायची विसरून खाली उतरला. भजन वाजतच राहिलं. तेवढ्यात दोन पोरं फ्लेक्स घेऊन आली. गॉगल लावलेले तात्या, शेजारी उगवता सूर्य, वर कबुतरं, खाली 'शोकाकुल: समस्त ग्रामस्थ'. तो गॉगल तात्यांनी आयुष्यात एकदाच, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लावला होता. पोरांनी फ्लेक्स भिंतीला टेकवला आणि फ्लेक्सवरच्या तात्यांखाली बसलेल्या तात्यांना बघून ती दोन पावलं मागं सरली.

आता खरा घोळ झाला. आलेल्यांचं करायचं काय? मयताच्या घरी आलेला माणूस हातावर पाणी घेतल्याशिवाय परत जात नाही. पण हे मयताचं घर होतं का? शेजारणींनी रिवाजाप्रमाणे पिठलं-भाकरी आणून ठेवली होती, कारण अशा घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. मग काकूंनी चूल पेटवायची की नाही? आलेली भाकरी खायची की परत धाडायची? घरी जाऊन आंघोळ करायची की नको? जो तो विचारायला लागला, आणि विचारायचं कुणाला, तर तात्यांनाच. गावात दुसरं कुणाला काय ठाऊक!

तात्यांनी सगळ्यांचं ऐकलं. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"मला ठावं न्हाय," तात्या म्हणाले.

 तात्या मेल्याचं ऐकून लोकांना जेवढा धक्का बसला नव्हता, तेवढा या तीन शब्दांनी बसला. हिंदुराव तर खालीच बसले. तात्यांचाही चेहरा पडला होता. आयुष्यभर ज्या अंगणात शिरावं तिथं त्यांना पुढचं पाऊल दिसायचं. आज स्वतःच्या अंगणात काहीच दिसत नव्हतं.

शेवटी लोकांनी आपापला मार्ग काढला. कुणी हसायला लागले, कुणी तात्यांच्या पाठीवर थाप मारून खात्री करून घेतली, हिंदुरावांनी पडलेला हार झटकून तात्यांच्याच गळ्यात घातला आणि वाढदिवस समज म्हणाले. मला शिव्या घालायची रांग लागली. म्हटलं, सुटलो एकदाचा. आणि गल्लीच्या तोंडाला जीप थांबली.

जीपमधून धोंडाबाई उतरल्या, आणि अंगणातलं हसणं तुटलं.

धोंडाबाई म्हणजे तात्यांची थोरली बहीण, कळसला दिलेली. गेली कित्येक वर्षं बहीणभावांत बोलणं नव्हतं. जमिनीची भानगड नव्हती, पैशाची नव्हती. धोंडाबाईंच्या एकुलत्या एक लेकीचं, प्रगतीचं लग्न होतं. नवरीला बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं चालू असताना तिच्या पाठीशी उभं राहायचं ते मामानं. त्या दिवशी सकाळी तात्या नवं धोतर नेसून निघाले होते. तेवढ्यात निरोप आला, भीमा नावाचा सालगडी गेला. मागंपुढं कुणी नाही, एकटी बायको. तात्या म्हणाले, आलोच. भीमाला उचललं, पोचवलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मढ्याला लागलेल्या हातांनी त्यांच्याच नियमाप्रमाणे लग्नाच्या मांडवात जाता येत नाही. त्यांनी निरोप धाडला, मामाच्या जागी दुसरं कुणी उभं करा. प्रगतीच्या पाठीशी कुणीतरी लांबचा चुलता उभा राहिला. भीमाला कुणी नव्हतं हे खरं, पण प्रगतीलाही दुसरा मामा नव्हता. तेव्हापासून भाऊबिजेला तात्या सकाळपासून पानमळ्यात जाऊन बसायचे आणि अंधार पडल्यावर घरी यायचे.

धोंडाबाई गल्लीतूनच रडत आल्या. पदर खांद्यावरून खाली आलेला, एका हाताला प्रगतीनं धरलेलं. लोक आपोआप बाजूला झाले. तात्या कुठं आहेत म्हणून मी वळून बघितलं, तर जागा रिकामी. गळ्यातला हार काढून ते आत पळाले होते. मयताच्या घरातून पळालेले तात्या मी पहिल्यांदाच बघितले.

कुणीतरी पुढं होऊन सांगायला हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाय उचलला, पण धोंडाबाई फ्लेक्ससमोर बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडून जे यायला लागलं, त्यात शिरायची माझी छाती झाली नाही.

"महिपा रं," त्या म्हणत होत्या, "माझ्या पाठच्या, भांडायला तरी ऱ्हायचा व्हतास रं. एकदा तरी दारात यायचा व्हतास. मी हाकललं असतं, पर तू यायचा व्हतास. दर भाऊबिजेला पाट मांडून ठिवला रं, कुणाला सांगितलं न्हाय..."

अंगणातल्या बाया खऱ्या रडायला लागल्या. हिंदुरावही रडले, तात्या जिवंत आहेत हे माहीत असून. प्रगतीनं मान वर केली तेव्हा तिला तो वैकुंठरथ रिकामा दिसला, लोकांचे ओशाळलेले चेहरे दिसले, आणि काहीतरी चुकतंय हे तिच्या ध्यानात यायला लागलं.

तेवढ्यात तात्या बाहेर आले. त्यांच्या हातात तांब्या होता.

त्यांना दुसरं काय करता येणार होतं? रडणाऱ्या माणसाच्या हातावर पाणी घालायचं, एवढं एकच त्यांच्या हातांना पाठ होतं. ते बहिणीसमोर वाकले, तांब्या तिरपा केला. धोंडाबाईंनी न बघता ओंजळ पुढं केली, तोंडावर पाणी मारलं, चूळ भरली, घोटभर प्यायल्या, आणि पुरं म्हणायला वर बघितलं.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी आधी भावाचं तोंड पाहिलं. मग सावकाश नजर खाली नेऊन त्याचे पाय पाहिले. पावलं पुढं आहेत का मागं, हे नीट निरखलं. मग एक हात लांब करून त्याच्या अंगठ्याला चिमटा काढला. तात्या "आय्" म्हणाले.

आणि धोंडाबाईंनी तात्यांच्या अशी कानाखाली मारली की तांब्या गडगडत वैकुंठरथाखाली गेला.

"मला फसवून बोलावलंस," त्या उठत म्हणाल्या. "प्रगती, चल. जीप वळवाय सांग."

त्या खरंच निघाल्या.  मग मात्र मी पुढं झालो. हात जोडले. कावळ्याचं सांगितलं, अंगठ्याचं सांगितलं, हे मुद्दाम नव्हतं हे शपथेवर सांगितलं. कावळा शिवल्याचं ऐकल्यावर त्या थबकल्या. खोट्या बातमीचा रिवाज मी त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्यांनी थोडा विचार केला आणि काकूंना विचारलं, "मंग बातमी कुणाला धाडायची व्हती?"

काकूंनी खरं सांगितलं. सणसरला, सर्जेरावाला.

मला वाटलं आता मिटलं. धोंडाबाईंचा चेहरा तर मघापेक्षा लाल झाला.

"महिपा, तुझ्यासाठनं रडायला बायकोचा भाऊ?" त्यांचा आवाज चिरकला. "का? बहीण मेली व्हती?"

मी हादरलो. खोटी बातमी आली म्हणून रागावलेलं माणूस मी समजू शकत होतो; ती आपल्याला धाडायची ठरली नव्हती म्हणून रागावलेल्या माणसापुढं कसं उभं राहायचं, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं.  सगळ्यांचे डोळे तात्यांवर. तात्यांनी गालावरचा हात काढला. पायाकडं बघत, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले,

"तू रडशील असं वाटलं न्हाय, आक्का."

जीप चालू झाली होती. तिचा आवाज आणि वैकुंठरथाचं भजन, दोन्ही एकदम ऐकू येत होतं. धोंडाबाईंनी पदर नीट केला. प्रगतीकडे बघितलं. प्रगती आईकडे न बघता मामाजवळ गेली, वाकली, पाया पडली आणि म्हणाली, "मामा, ते भजन बंद कराय सांगा आधी."

ड्रायव्हर पळाला.

मग धोंडाबाई परत वळल्या. त्यांनी पिठलं-भाकरीच्या टोपल्याकडे बघितलं आणि हे ज्याचं त्याला देऊन टाका म्हणाल्या. जयवंताकाकूंना चूल पेटवायला लावली. हिंदुरावांना बांबू उचलून नेऊन पानमळ्यात कामाला घ्या म्हणाल्या. तो फ्लेक्स पालथा करून त्यावर पंगत बसवा म्हणाल्या. अंगणाला पुन्हा हातपाय फुटले. तात्यांना त्यांनी फक्त बोटानं जागा दाखवली. तात्या तिथं जाऊन मुकाट्यानं बसले, आणि इतक्या वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला.

जेवताना धोंडाबाईंनी भावाशी एक शब्द काढला नाही. पण त्याच्या ताटात भाकरी संपली की दुसरी पडत होती आणि तो नको म्हणत नव्हता. सर्जेराव जेवणाच्या मध्यावर रडत येऊन पोचला. त्याला कुणीतरी दहाव्या हातानं कळवलं होतं. त्याला खरं सांगितलं तरी तो रडायचा थांबेना, म्हणून त्यालाही वाढलं.

उन्हं कलली तशी जीप कळसला परत गेली. प्रगती जाताना मामाला येत्या रविवारी या म्हणाली. धोंडाबाई समोर बघत बसल्या होत्या. त्या या म्हणाल्या नाहीत आणि येऊ नको असंही म्हणाल्या नाहीत. धूळ बसेपर्यंत तात्या रस्त्यात उभे होते. मग ओट्यावर येऊन माझ्या शेजारी बसले. एक गाल अजून तांबडा होता.

मला राहवेना. मी म्हटलं, तात्या, कळस काही लांब नाही. दिवसाला गाड्या आहेत, तुमचीही त्या रस्त्यानं ये-जा असते. त्या तिकडं पाट मांडून बसायच्या, तुम्ही इकडं मळ्यात लपायचात. इतक्या वर्षांत एकदा तरी बहिणीच्या दारात का गेला नाहीत?

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काहीतरी अगदीच अडाण्यासारखं विचारलं होतं.

"जाऊ कसा? तितं कुणी मेलंच न्हाय."